पिवळा सात

"रंग?" हार्डिंगसाहेबांनी विमानाच्या पलीकडून विचारलं.

"पिवळा, सर."

"नीट बघ. पिवळा की पांढरा? धूर लागला की पांढराही पिवळट दिसतो."

मी गुडघे टेकून आणखी पुढे सरकलो. ऑलिव्हच्या झाडांमध्ये ते जर्मन लढाऊ विमान पोटावर पडलं होतं. नाक जमिनीत रुतलेलं, नाकापासून वैमानिकाच्या बैठकीपर्यंत सगळं जळून काळं झालेलं, शेपूट तुटून बांधापलीकडे गेलेलं. मधलं धड तेवढं शाबूत होतं. त्यावर काळा क्रूस आणि क्रूसाच्या पुढे हातभर उंचीचा सातचा आकडा. मी आकड्यावरून बोट फिरवलं. मातकट पत्र्यावर भरदार, स्वच्छ पिवळा रंग होता.

"पिवळाच आहे, सर. धुराचा नाही."

"झकास!" साहेबांनी तोंडातला रिकामा पाईप काढून खिशात टाकला. तंबाखू मिळेनाशी होऊन त्यांना महिना झाला होता, पण पाईप चघळायची सवय सुटत नव्हती. "म्हणजे आपल्या पेशंटचं गाव समुद्रकाठी."

मी उठून उभा राहिलो आणि मला इतकं हायसं वाटलं की मी झाडाला हात टेकला. ते का वाटलं हे सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

ही १९४३ सालची गोष्ट. मी महाडचा श्रीधर टिपणीस. पुण्याला जर्मन घेऊन बी. ए. झालो तेव्हा आमचे काका म्हणाले होते, "छान! आता महाडच्या बाजारात एखादा जर्मन भाजी घ्यायला आला की तुला बोलावून घेऊ." पुढे युद्ध लागलं, जर्मन वाचणाऱ्यांची गरज पडली, आणि मी हवालदाराच्या फिती लावून इटलीत येऊन पोचलो. हार्डिंगसाहेब, मी आणि एक ट्रक, एवढंच आमचं बिऱ्हाड. पडलेल्या जर्मन विमानांची ओळख पटवणं हे आमचं काम. बेवारस प्रेताची ओळख पटवतात, तसंच. पत्र्यावरच्या पाट्या मी वाचायचो, इंजिन साहेब बघायचे, आणि शेवटी एकच मोठा प्रश्न उरायचा: हे विमान कोणत्या तुकडीचं? त्याची खूण त्या आकड्याच्या रंगात असायची. एका ताफ्यात तीन तुकड्या. पहिलीचे आकडे पांढरे, दुसरीचे लाल, तिसरीचे पिवळे.

आमच्या समोरच्या ताफ्यातली लाल तुकडी केव्हाच दुसरीकडे गेली होती. उरल्या दोन. एक पकडलेला वैमानिक बोलून गेला होता की पांढरी तुकडी डोंगरातल्या तळावर आहे आणि पिवळी समुद्रकाठच्या. त्यांतल्या एका तुकडीची विमानं रोज झाडांच्या शेंड्यांवरून यायची आणि आमच्या रस्त्यावर गोळ्यांचा पाऊस पाडून जायची. आदल्या संध्याकाळी त्यांनी मराठा पलटणीतले दोन जवान मारले होते आणि पलटणीनं त्यांचं हे एक विमान पाडलं होतं. आमच्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पलटण नदीवरच्या तात्पुरत्या पुलावरून पलीकडे जाणार होती. पुलावर ना झाड ना आडोसा. ती विमानं आली असती तर नदीत पडण्याखेरीज दुसरी जागा नव्हती. म्हणून पहाटे आपले बॉम्बर जाऊन त्यांचा तळ उडवणार होते. पण बॉम्बर होते एकाच तळापुरते. कोणता तळ, ते या आकड्याच्या रंगावर ठरणार होतं.

आणि डोंगरातल्या तळाच्या कुंपणाला लागून हिंदी कैद्यांचा कॅम्प होता. त्या कॅम्पात माझा थोरला भाऊ होता.

अनंता दादा लिबियात पकडला गेला होता. तो फौजेत रेडिओ दुरुस्त करायचा. तो कुठे आहे हे मला नुकतंच कळलं होतं. कॅम्पातून पळालेला नाशिककडचा एक जवान डोंगर तुडवत आमच्या बाजूला येऊन पोचला, आणि मराठी समजणारा म्हणून मला त्याच्यापुढे बसवलं.

"टिपणीस? रेडिओवाला?" तो म्हणाला होता. "आहे ना. पायाला हे एवढं गळू झालंय, पाऊल टेकवत नव्हतं. आम्ही कुंपणाखालून निघालो तेव्हा म्हणाला, तुम्ही जा, माझ्यापायी सगळेच सापडाल."

हार्डिंगसाहेब शेजारीच बसले होते. तो काय म्हणाला ते मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या बाटलीतली ब्रँडी पाजली.

मी महाडहून निघताना आईनं मला निरोप असा दिला होता: "येताना दादाला घेऊन ये." जणू दोघं जत्रेत चुकलो होतो आणि मी जरा पुढे जाऊन त्याला शोधून आणणार होतो. हे वाक्य मी दोन वर्षं छातीवर घेऊन हिंडत होतो. म्हणून आकडा पिवळा निघाला तेव्हा मला झाडाचा आधार घ्यावा लागला. मला पिवळाच हवा होता.

ट्रकपाशी परत आलो. साहेब वायरलेसवर निरोप द्यायला गेले आणि मी जेवणाआधी हात धुवायला बसलो. शीळ घालत होतो हेही आठवतं. कपडे धुण्याचा पिवळा साबण होता, हात भाजणारा. तो बोटांना चोळला आणि उजव्या हाताची तर्जनी लाल झाली.

आधी वाटलं, पत्र्यानं कापलं. पण दुखत नव्हतं. पाण्यानं धुतली, तर बोट पुन्हा पिवळं. साबण लावला, पुन्हा लाल.

आपल्याकडच्या कुठल्याही घरातलं पोर सांगेल हे काय ते. हळदीचा डाग पडलेलं कापड साबणात टाकलं की लालभडक होतं. लहानपणी आईच्या पदराला साबण लागून तसं झालं तेव्हा आईला लागलं म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि दादानं मला वर्षभर चिडवलं होतं.

मी बोट नाकाशी नेलं. जळकं तेल, जळकं रबर, आणि त्यांच्या खाली कुठेतरी आमचं स्वयंपाकघर.

मी मनाची समजूत घालू लागलो. जर्मन रंगातही असं काही असेल. सकाळी लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, माझाच हात हळदीला लागला असेल. पण सकाळी मी चहाबिस्किटांशिवाय काही खाल्लं नव्हतं. आणि मग मला तिथी आठवली. त्या दिवशी खंडेनवमी होती.

मराठा पलटणीची कंपनी ऑलिव्हच्या बागेपलीकडेच उतरली होती. मी जेवण टाकून तसाच चालत निघालो. तिथले जमादार हैबतराव शेडगे साताऱ्याकडचे, पिकल्या मिशांचे. मला ते 'जर्मन मास्तर' म्हणत. मी गेलो तेव्हा ते पेटीवर बसून पितळी थाळीतला शिरा वाटत होते.

"या मास्तर! बरं झालं आलासा. परसाद घ्या."

"जमादारसाहेब, सकाळी त्या विमानाला काय केलंत?"

त्यांचा हात थाळीवरच थांबला. "काय बी न्हाई. साहेबाचा हुकूम हाय, तपासनीवालं येस्तोवर हात लावायचा न्हाई. न्हाई लावला."

"मी तक्रार करायला आलेलो नाही. हळद कुणी लावली, एवढं सांगा."

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत ओशाळं हसले.

"आता खंडेनवमी हाय, मास्तर. समद्या रायफली पुजल्या, ब्रेनगनी पुजल्या. मग मनात आलं, त्या इमानात बी बंदुका हायत्या. दुश्मनाची झाली म्हनून काय झालं, हत्यार त्ये हत्यार. आन् तोंडाला रगत लागल्यालं. त्यानं आमची दोन पोरं नेली काल. असलं हत्यार शांत करावं लागतंय. म्हनून उजाडता उजाडता गेलो, चार फुलं वाहिली."

"पण आकड्याला का?"

"त्या मातकट रंगावर हळद उमटंना, मास्तर! त्या आकड्यावर बेस बसली. मग येवल्याच्या पोरानं तेलात खलून आख्खा आकडाच भरून काढला. म्हनलं असू दे, नवरदेवावानी दिसतंय. मागनं साहेब यायचा म्हनून फुलं, अक्षता उचलून न्हेल्या. हळद तेवढी ऱ्हायली. पुजल्यालं पुसू ने."

"आणि खाली, हळदीच्या खाली रंग कोणता होता?"

"पांढरा. पांढराफेक."

मी तिथंच खाली बसलो. जमादारांनी थाळी बाजूला ठेवली.

"काय झालं, मास्तर? त्वांड का असं झालं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पांढरा म्हणजे डोंगरातला तळ, पिवळा म्हणजे समुद्रकाठचा. साहेबांनी पिवळा कळवला आहे, म्हणजे बॉम्बर समुद्राकडे जातील आणि डोंगरातली विमानं सकाळी तुमच्या पुलावर येतील. आणि पांढरा सांगितला, तर कॅम्प. दादा. त्याचा पाय. आईचं वाक्यसुद्धा सांगितलं. ते ऐकून साताऱ्याकडच्या त्या रांगड्या माणसानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यांनी आपली पेटी माझ्याजवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "कुनाकुनाला ठावं हाय ह्ये?"

"तुम्हाला आणि मला."

"मग ऱ्हाऊ द्या की तसंच."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पोरांना म्या सांगतो. एकजन ब्र काढनार न्हाई. हळद लावलीच न्हाई कुनी. तुमी तपासलं, पिवळा दिसला, पिवळा सांगितला. तुमचं काय चुकलं?"

"आणि उद्या पुलावर?"

"उद्याचं उद्या." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मास्तर, आमच्या हातात बंदुका हायत्या. यील त्येला आमी बी हानू. कालच्याला पाडलंच की. तुमचा भाऊ कुंपनात बसलाय लंगडा पाय घिऊन. त्याच्याजवळ काय हाय?"

हे ते मनापासून म्हणत होते. कंपनी त्यांची, पूल त्यांचा, कालची दोन प्रेतं त्यांच्या पोरांची, आणि ते मला माझा भाऊ परत देऊ बघत होते. कुणी मला हुकूम केला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर सोपं गेलं असतं. मी 'बरं' म्हणायच्या अगदी बेतात होतो.

तेवढ्यात समोर लक्ष गेलं. झाडाखाली एक जवान रायफल साफ करत बसला होता. ती झाली, शेजारी टेकवून ठेवली, आणि त्यानं दुसरी मांडीवर घेतली.

"तो दोन रायफली का साफ करतोय?"

"त्योच येवल्याचा पोर," जमादार म्हणाले. "दुसरी त्याच्या भावाची. म्हादूची. काल ग्येला न्हवं का. रायफल सरकारजमा करायची हाय, पर म्हनतो, भावाची रायफल घान देनार न्हाई."

दोन्ही रायफलींच्या दस्त्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्यानं एकदा वर बघितलं, मला रामराम केला आणि पुन्हा मान खाली घातली.

"जमादारसाहेब, तुमच्याकडे साबण आहे?"

"हाय की. कशाला?"

"साबण आणि बादलीभर पाणी घेऊन विमानापाशी या. मी साहेबांना आणतो."

त्यांनी माझा दंड धरला. "मास्तर, पुन्यांदा इचार करा. आई हाय तुमची."

"म्हणूनच लवकर या," मी म्हणालो. याचा अर्थ काय, ते मलाही सांगता आलं नसतं. आणखी घटकाभर तिथं बसलो असतो तर माझ्यानं उठवलं नसतं, एवढंच खरं.

ट्रकपाशी साहेब खुशीत होते. "उत्तर आलं. पहाटे निघतील, समुद्राकडे."

"सर, तो आकडा पिवळा नाही."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तूच तर सांगितलंस."

"ती हळद आहे, सर." मग मी त्यांना खंडेनवमी सांगू लागलो. वर्षातून एकदा आम्ही हत्यारांची पूजा करतो, त्यांना हळद लावतो, फूल वाहतो. हे असलं काही इंग्रजीत सांगताना एरवी मला लाज वाटायची. त्या दिवशी वाटली नाही.

"शत्रूच्या हत्यारांची?"

"त्यांचीही, सर. शांत व्हावीत म्हणून."

साहेबांनी वायरलेसचा कागद खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "टिपणीस, तुझा भाऊ कोणत्या तळापाशी आहे?"

त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं.

"डोंगरातल्या, सर."

"पांढऱ्या तुकडीच्या."

"हो, सर."

त्यांनी टोपी उचलली. "चल. दाखव मला."

विमानापाशी जमादार बादली घेऊन उभे होते. साहेबांना त्यांनी सलाम ठोकला; माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मी साबण ओला केला आणि आकड्याला खालून वर चोळू लागलो. पिवळा रंग काळवंडला, मग लाल झाला, मग पत्र्यावरून लाल ओघळ खाली जमिनीवर येऊ लागले. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले. साहेब एक पाऊल मागे सरले.

"पाणी घाला," मी म्हणालो.

जमादारांनी पाणी घातलं. लाल वाहून गेलं. मी पुन्हा साबण लावला, त्यांनी पुन्हा पाणी घातलं. जरा पिवळसर झाक राहिली, पण खालचा आकडा आता लांबूनही दिसत होता. पांढरा सात.

बागेत कुठेतरी तांबडी धूळ उडवत एक लॉरी गेली.

"मी निरोप बदलतो," शेवटी साहेब म्हणाले. "कॅम्प कुंपणाच्या पश्चिमेला आहे, तिकडे टाकू नका, असं कळवतो. पण पहाटेच्या धुक्यात, तेवढ्या उंचीवरून कोणाला पश्चिम किती दिसते, ते मी तुला खोटं सांगणार नाही."

"मला माहीत आहे, सर."

"तू बोलला नसतास तर मला कधीच कळलं नसतं."

"हो, सर."

त्यांनी खिशातून पाईप काढून दातात धरला आणि झपझप निघून गेले. मी हात धुवायला वाकलो. जमादारांनी बादलीत उरलेलं पाणी माझ्या हातांवर ओतलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

दसऱ्याच्या पहाटे बॉम्बर आमच्या डोक्यावरून गेले. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. समुद्र उजव्या हाताला, डोंगर डाव्या. विमानं डावीकडे वळली. मी देवाला काय म्हणालो असेन? एका तोंडानं तळ उडू दे म्हणालो, त्याच तोंडानं कुंपण राहू दे म्हणालो. थोड्या वेळानं डोंगरापलीकडून धडधड ऐकू आली. प्रत्येक धडधडीला मी दादाचा पाय बघत होतो, गळू झालेला.

पलटण पुलाकडे निघाली तेव्हा जमादार रांग सोडून माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या हातात ऑलिव्हची पानं ठेवली. आपट्याची कुठून आणणार!

"सोनं घ्या, मास्तर. सोन्यावानी ऱ्हावा."

मी त्यांच्या पायांना हात लावला. फौजेत हे बसत नाही, पण लावला.

पुलावर एकही विमान आलं नाही. पलटणीचं सीमोल्लंघन झालं, माणूसन् माणूस पलीकडे पोचला. मला आनंद झाला नाही, हे सरळ सांगतो. येवल्याचा पोर पलीकडच्या काठावर चढताना दिसला, आणि माझ्या मनात आलं, याचा जीव आणि दादाचा जीव मी एका तागडीत घातले. कोण मी?

त्या तळापर्यंत आमचं सैन्य पोचायला कितीतरी आठवडे गेले. मी हट्टानं तिथं गेलो. धावपट्टीची चाळण झाली होती, जळलेल्या विमानांचे सांगाडे पडले होते. बहुतेकांचे आकडे पांढरे होते. ते काम माझंच होतं, मी केलं. पश्चिमेला गेलो तर कॅम्पाच्या जागी जळक्या फळ्या आणि खड्डे. माणसं होती की नव्हती? गावातला एकजण म्हणाला, सगळे मेले. दुसरा म्हणाला, कुणीच नव्हतं. तिसऱ्यानं सिगारेट मागितली. मी खड्ड्यांतून काठीनं उकरत हिंडलो. काही सापडलं नाही, आणि न सापडल्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं.

आईला मी लिहीत राहिलो की शोध चालू आहे. ती उलट लिहायची, "तू आहेस तिथं, मग मला कसली काळजी?"

लढाई संपल्यावर पंचेचाळीसच्या पावसाळ्याअखेर मी रजेवर महाडला आलो. अंगणात शिरलो तर ओटीवर एक टकला, वाळलेला माणूस कुणाचा तरी रेडिओ उघडून बसला होता. त्यानं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, रडतोस काय असा? आईला साबण लागला वाटतं?"

दादा तीनच आठवड्यांपूर्वी आला होता. कॅम्पातल्या आजारी कैद्यांना जर्मनांनी आधी उचललं होतं, आगगाडीत कोंबून थेट जर्मनीत नेलं होतं. नवरात्र बसायच्याही आधी. मागोमाग बाकीच्यांना हलवलं. माझ्या दसऱ्याला त्या कुंपणात कुणीसुद्धा नव्हतं.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं कारणच काय, असं मी मनाला बजावत होतो. तो जिवंत होता, हसत होता, आई दोघांच्या ताटात जरा जास्तच तूप वाढत होती.

मग खंडेनवमी आली. दादानं आपली हत्यारं पाटावर मांडली. पक्कड, पेचकस, डाख द्यायची डाखणी. शेजारी माझा जर्मन शब्दकोश ठेवला. "हे तुझं हत्यार." मग वाटीत हळद घेतली, तेल घातलं, बोटांनी खलली, आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

"लाव."

माझा हात पुढे होईना.

"काय झालं?"

आई आत चुलीपाशी होती. मी हलक्या आवाजात त्याला सांगितलं. सात आकडा, शिऱ्याची थाळी, दोन रायफली, साबण. तो हळदीनं भरलेले हात गुडघ्यांवर उलटे ठेवून ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "मी तिथं नव्हतो, हे तुला माहीत होतं?"

"नाही."

"मी आहे असंच वाटत होतं."

"हो."

"आणि सांगितलंस."

"सांगितलं."

तो उठला. पायाचं दुखणं पुरतं गेलं नव्हतं, उठताना त्यानं भिंतीचा आधार घेतला. परसात दगडापाशी जाऊन बसला. मी मागोमाग गेलो आणि अपराध्यासारखा उभा राहिलो. त्यानं कोनाड्यातला साबण घेऊन हातांना चोळला. हळद लाल झाली, मनगटापर्यंत. त्यानं हात उलटेसुलटे करून पाहिले आणि पाहतच राहिला. मला वाटलं, हा आता माझ्याशी जन्मात बोलणार नाही. आणि नाही बोलला तर त्याला बोल लावायला मला तोंड नव्हतं.

"पानं वाढलीत रे," आतून आईनं हाक मारली. "दोघंही या."

दादानं ते दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"बघतोस काय नुसता?" तो म्हणाला. "पाणी घाल."

मी तांब्या उचलला.